अनंताची ओळख आणि लागवड

अनंत हे रुबिएसी कुळातील, म्हणजेच कॉफीच्या कुळातील, सदाहरित झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव गार्डेनिया जास्मिनॉइडिस असे आहे. 'जास्मिनॉइडिस' म्हणजे जाईसारखे, त्यामुळे या नावावरून ते जाई-जुईच्या नात्यातले वाटते. प्रत्यक्षात त्या वेलींचे कूळ वेगळे असून साम्य रंग आणि सुगंध एवढ्यापुरतेच आहे. 'गार्डेनिया' या शब्दाचाही बागेशी संबंध नाही, तर अलेक्झांडर गार्डन या वैद्य आणि निसर्ग-अभ्यासकाच्या आडनावावरून तो घेतला असून, जॉन एलिस यांनी या वनस्पतीचे वर्णन १७६१ मध्ये केले. दक्षिण चीन, व्हिएतनाम, तैवान आणि जपान हा तिचा मूळ प्रदेश होय.

झुडूप साधारणतः एक ते अडीच मीटर उंच वाढते. पाने गर्द हिरवी व तुकतुकीत असून ती समोरासमोर किंवा एका पेरावर तीन-तीन येतात. फूल फांदीच्या टोकाशी एकेकटे येते. उमलताना ते पांढरेशुभ्र असते आणि दोन-तीन दिवसांत पिवळसर होत जाते, तो रोग नव्हे. एकेरी (पाकळ्यांचा एकच थर असलेल्या) फुलांच्या जातीला उभ्या कडा असलेली केशरी फळे धरतात, ज्यांतील क्रोसिन हे रंगद्रव्य केशरातही आढळते. बागांमध्ये अधिक दिसणाऱ्या दुहेरी जातींना मात्र फळे क्वचितच धरतात.

या झाडाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मातीत असते, म्हणून लागवडीपूर्वी तिच्याकडेच सर्वाधिक लक्ष द्यावे. अनंताला आम्लधर्मी, पाण्याचा उत्तम निचरा होणारी माती लागते. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५ ते ६.५ च्या दरम्यान असावा. चुनखडीयुक्त मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लक्षण दिसताच अनेक जण पाणी किंवा शेणखत वाढवतात. त्याने लोहाची उणीव भरून निघत नाही, उलट साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. अशा वेळी चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह) द्यावे आणि क्षारयुक्त पाण्याऐवजी शक्य तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. खालची जुनी पाने अधूनमधून पूर्ण पिवळी होऊन गळत असतील, तर ती बहुधा नैसर्गिक पानगळ असते.

सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडावी. मुळे उथळ असल्यामुळे बुंध्याजवळ खुरपणी न करता पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये. माती सतत ओलसर असावी, चिखल नसावा.

कळ्या न उमलताच गळणे ही दुसरी मोठी तक्रार. पाणी कधी भरपूर तर कधी अजिबात नाही, हवा फार कोरडी, रात्री उकाड्याच्या, किंवा कळ्यांनी भरलेली कुंडी उगीचच दुसरीकडे हलवलेली, अशी त्याची कारणे असतात. सौंदर्य दाखवण्यासाठी कुंडी घरात आणण्याचा मोह आवरणे हाच त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, असे माझे मत आहे.

छाटणी बहर संपताच उरकावी. उशीर केल्यास पुढच्या बहराच्या कळ्याच छाटल्या जातात. पानांवर काळी बुरशी दिसल्यास पानांची मागची बाजू तपासावी, कारण ती बुरशी पांढरी माशी, मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण यांनी सोडलेल्या चिकट स्रावावर वाढते. कीड साबणाच्या सौम्य द्रावणाने किंवा निंबोळी तेलाच्या फवारणीने आटोक्यात आणली, की बुरशी ओल्या फडक्याने पुसता येते.

नवीन रोपे छाट्यांपासून सहज होतात. अर्धपक्व (ना फार कोवळ्या, ना फार जून) फांदीचा १० ते १२ सेंटिमीटर लांबीचा छाटा घेऊन खालची पाने काढावीत, तो वाळू व कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिश्रणात लावावा आणि सावलीत, दमट हवेत ठेवावा. साधारण चार ते आठ आठवड्यांत मुळ्या फुटतात, पण तोवर छाटा उपटून पाहू नये. नवी पालवी दिसू लागल्यावरच हलक्या हाताने ओढून तो घट्ट धरला आहे का ते पाहावे.