आईच्या कमोडची सीट आणि माझं लेथचं डोकं

आईचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात कमोड बसवला, त्याला आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात ती बसली की सीट डावीकडं सरकायची, कट्कन आवाज यायचा आणि आतनं हाक यायची, "आरं, मला पाडतंय बघ हे!" प्लंबर 'उद्या येतो' म्हणाला. तिसऱ्या उद्याला मीच पाना उचलला.

आधी एक तपासा. सीट नुसती हलत असेल तर कदाचित नवी घ्यायची गरजच नाही, खालचे नट ढिले झालेले असतात. आमच्याकडं मात्र बिजागरीच चिरली होती.

आता माझा मूर्खपणा ऐका. उद्यमनगरात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, बत्तीस वर्षं काढली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी पोरांना झापलं, आणि लक्ष्मीपुरीत दुकानदाराला काय म्हणालो? "एक पांढरं सीट कव्हर द्या." घरी आणून पिशवीसकट कमोडवर ठेवलं तर पुढं दोन बोटं चिनीमाती उघडी! कमोड लांबट, सीट गोल. पिशवी फाडली नव्हती म्हणून बदलून मिळालं.

दुसऱ्या खेपेला कालचा पेपर कमोडवर पसरला, तळव्यानं कडेवर दाबत फिरवला आणि उमटलेल्या घडीवर कात्री चालवली. मागची दोन भोकं पेन्सिलीनं पाडली. तो कागदच दुकानात नेला. मापं तीन: दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर, भोकांच्या रेषेपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी आणि सगळ्यांत रुंद जागेची रुंदी. आमचं भोकांचं अंतर १४ सेंटिमीटर निघालं, काही कमोडना ते साडेपंधरा असतं. बऱ्याच बिजागऱ्या थोड्या सरकवता येतात, त्यामुळं तिथं जरा इकडंतिकडं चालतं. लांबीत चालत नाही. जुनी सीट नमुना म्हणून नेऊ नका. तीच चुकीची बसवलेली असली तर?

काढताना कमोडच्या तोंडावर जुना टॉवेल टाका. नट आत पडला तर हात कुणी घालायचा? बोल्टचं डोकं काही सीटमध्ये प्लास्टिकच्या टोपणाखाली असतं, ते स्क्रूड्रायव्हरनं उचकटा. वरनं डोकं धरून ठेवायचं आणि खालचा नट फिरवायचा. खाली वाकून वर बघत असाल तर घड्याळाच्या उलट्या दिशेनं, म्हणजे सुटतो. आमचे बोल्ट लोखंडी होते, गंजून एकजीव झालेले. तेल सोडून रात्रभर ठेवले. एक सुटला. दुसऱ्यानं ऐकलं नाही, मग हेक्सा ब्लेडच्या एका टोकाला फडकं गुंडाळून तो कापला. ब्लेड आणि चिनीमातीच्या मध्ये जुन्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण सरकवलं होतं, नाहीतर ओरखडे पडले असते. हातोडीला मात्र शिवायचं नाही.

भोकांभोवतीची घाण हीच वेळ आहे म्हणून घासून काढा. सीट असताना तिथं ब्रश पोचतच नाही.

नवी बसवताना बोल्ट वरनं घाला, खालनं आधी रबरी वॉशर, मग नट. दोन्ही नट अर्धवट ठेवून सीट मधोमध आणा, मगच आवळा. हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं पाव फेरा, बास. माझ्यासारख्या मशीनवाल्याचा हात इथंच चुकतो. लोखंड थोडं ताणलं जातं, चिनीमाती ताणली जात नाही, सरळ तडकते. मग तीन-चारशे वाचवायच्या नादात कमोडच नवा. झाकण उघडून सोडून बघा. टाकीला टेकून मागं कललेलं राहिलं पाहिजे. सरळ उभं राहात असेल तर कधीतरी पाठीवर येणार. आणि बसून डावीउजवीकडं झुकून बघा. आठवड्यानं नट एकदा परत चाचपा, रबर दबलं की ढील पडते.

भिंतीला लटकवलेल्या कमोडला खालनं हात जात नसेल तर वरनं आवळायचे बोल्ट मिळतात. त्यांची रबरी गुट्टी भोकात फुगते आणि पकडते. दुकानात आधीच सांगा.

मी हळू बसणारी, सॉफ्ट क्लोजवाली सीट घेतली. बिजागरीतला डँपर, म्हणजे वेग आवरणारा भाग, तिला सावकाश खाली आणतो. हातानं दाबली की तोच डँपर खराब होतो. आईला दोनदा दाखवलं. ती अजून दाबूनच खाली करते. म्हणते, "तिची वाट बघत मी किती वेळ उभी राहू?"