शो जंपिंगच्या राइडरचं करिअर कसं वाचायचं, बातमीच्या हेडलाइनवर जाऊ नका

2023 मधे हांगझोच्या एशियन गेम्समधून आपल्या इंदूरची सुदीप्ती हाजेला टीमचं गोल्ड घेऊन आली तेव्हापासून इथे राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत सगळेच घोडेस्वारीतले एक्सपर्ट झालेत, आणि दर दुसरा म्हणतो पोरगी घोडा काय मस्त उडवते. अहो, उडवत नाही ती, तिचा इव्हेंट ड्रेसाज, तिथे घोड्याच्या चालीला जज मार्क देतात. शो जंपिंगमधे घोड्याने अडथळ्यांवरून उड्या मारायच्या असतात, अडथळ्याचा आडवा दांडा म्हणजे पोल पडला की 4 पेनल्टी, घोडा अडला की 4, दुसऱ्यांदा अडला की बाहेर, आणि राइडर पडला तर तिथेच खेळ खलास. म्हणून कोणाचंही नाव सर्च केलं की आधी इव्हेंट कोणता ते बघा.

मग एफईआयच्या, म्हणजे जागतिक घोडेस्वारी संघटनेच्या साइटवर जा, तिथे राइडर आणि घोडा दोघांचे रिझल्ट फुकटात बघायला मिळतात. शोच्या नावापुढे सीएसआय (म्हणजे आंतरराष्ट्रीय शो जंपिंग) आणि स्टार दिसतील, एक ते पाच. आता घोडं पेंड खातं ते इथेच, कारण स्टार मुख्यतः बक्षिसाच्या रकमेवर ठरतात, आणि फाइव्ह स्टार शोमधे पण 1.45 मीटरचे छोटे क्लास असतातच. पेपरात छापतात "फाइव्ह स्टारमधे विजय", तुम्ही उंचीचा कॉलम बघा, 1.60 ची ग्रांप्री (शोमधली मुख्य स्पर्धा) असेल तर मग बोला. रँकिंगवर पण लगेच भाळू नका, त्यात मागच्या 12 महिन्यांतले बेस्ट 30 रिझल्ट धरतात, त्यामुळे ज्याच्याकडे चांगले घोडे जास्त आणि फिरायला पैसा जास्त त्याला आपोआप फायदा (हे माझं मत, भांडायला या).

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घोड्याच्या नावाचा कॉलम. राइडर तोच आणि रिझल्ट एकदम गायब झाले तर बहुतेक वेळा घोडा विकला गेलाय नाहीतर लंगडतोय. ब्रिटनचा निक स्केल्टन घ्या प्रॅक्टिसला. 2000 मधे पडून मान मोडली, 2001 मधे रिटायर, 2002 मधे परत हजर. पुढे बिग स्टार नावाचा घोडा मिळाला आणि 2012 ला लंडन ऑलिंपिकमधे टीम गोल्ड, मग घोडाच जखमी, मधली वर्षं नुसती वाट बघण्यात गेली, आणि 2016 ला रिओत सहा जणांचा जंप-ऑफ (बरोबरी फोडणारी वेळेची फेरी) झाला त्यात हा पहिला गेला, 42.82 सेकंदात क्लिअर, म्हणजे एकही पेनल्टी नाही, बाकीच्या पाचांपैकी कोणालाच एवढ्या वेळात क्लिअर जाता आलं नाही, गोल्ड त्याचंच. वय 58! नुसतं स्केल्टनचं नाव बघितलं तर वाटेल फॉर्म गेला होता, बिग स्टारचं पान उघडलं की सगळं कळतं.

मानसन्मान शेवटी बघा, कारण ते उशिरा येतात आणि बहुतेकदा ऑलिंपिकसारख्या मोठ्या स्पर्धांच्या मागेमागे येतात. रिओनंतर स्केल्टनला सीबीई हा ब्रिटिश सन्मान 2017 ला, आणि त्याच 2017 मधे तो आणि बिग स्टार सोबतच रिटायर झाले. आपल्याकडे पण तेच, हांगझोच्या टीममधल्या अनुष अगरवाला आणि दिव्यकृती सिंगला त्याच वर्षीचा अर्जुन मिळाला. त्यामुळे एखाद्या राइडरकडे पुरस्कार नसला तर लगेच नाक मुरडू नका, आधी त्याच्याकडे आत्ता घोडा कोणता आहे आणि तो 1.60 वर क्लिअर जातोय का ते तपासा.