टाकं उपसण्याआधी

घर दाखवताना दलालानं आधी विहीर दाखवली असेल, मग मागच्या अंगणातल्या हिरव्या पाण्याकडे हात करून "हा स्विमिंग पूल" असं सांगितलं असेल. गावात त्याला कोणी पूल म्हणत नाही, टाकं म्हणतात. तुम्हीही टाकंच म्हणा, पुढची बरीच बोलणी सोपी होतील.

मी 2011 साली ठाण्याहून वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात राहायला आलो. तेव्हापासून बोर धरणाच्या या अंगाला शहरातून आलेल्यांची घरं वाढत गेली. त्यातल्या काही घरांमागे असं एखादं टाकं असतं. जुन्या मालकानं हौसेनं बांधलेलं, आणि मग चार-पाच पावसाळे कोणी झाकणसुद्धा न उघडलेलं. नवीन आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, "मोटर लावून रिकामं करू का?" माझं उत्तर एकच असतं. आज कोणता महिना आहे ते बघा.

मी बघितला नव्हता. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली होती. ती उघडली तशी मी नागपूरच्या एका कंत्राटदाराला बोलावलं. त्यानं दोन पंप लावून एका दिवसात टाकं कोरडं केलं. शेजारचे काका धुऱ्यावरून बघत होते. ते म्हणाले, "पावसायात टाकं रिकामं नोका ठेवू जी, जमीन उचलते." कंत्राटदारानं ऐकलं नाही, आणि मीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोल बाजूच्या तळाला मधोमध फुगवटा आला होता. फरशा जोडावर उभ्या राहिल्या होत्या, आणि एका फटीतून गढूळ पाणी आत झिरपत होतं. तो तळ फोडून पुन्हा करायला माझी दोन वर्षांची शिल्लक गेली.

काकांना जे ठाऊक होतं त्याचं कारण आपल्या काळ्या मातीत आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सहजासहजी सोडत नाही. झडीनंतर टाक्याच्या चारही बाजूंना आणि खाली पाणी भरलेलं असतं. टाकं भरलेलं असेल तर आतलं वजन बाहेरचा दाब पेलतं. रिकामं केलं की सिमेंटची ती पेटी नावेसारखी वर यायला बघते. उन्हाळ्यात याच्या उलट होतं. मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, भिंतींचा आधार सुटतो, आणि रिकाम्या टाक्याच्या फरशा उन्हानं तडकतात. म्हणून जून ते नोव्हेंबर उपसायचं नाही, आणि एप्रिल-मे मध्ये रिकामं ठेवायचं नाही. मधला जो काळ उरतो, त्यात जानेवारी सगळ्यात चांगला.

जानेवारी सांगण्याला आणखी एक कारण आहे. तुमच्या शेतात किंवा शेजारी संत्रा असेल तर आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, झाडांना डिसेंबरात ताण दिलेला असतो, म्हणजे पाणी तोडलेलं असतं, आणि जानेवारीत पहिलं पाणी द्यायचं असतं. वर्षानुवर्षं क्लोरीन न पडलेलं टाक्यातलं हिरवं पाणी झाडांना चालतं, आणि तळाचा गाळ आळ्यात टाकता येतो. सरकारनं 2017 पासून धरणांचा गाळ शेतात नेण्याची योजना चालवली, ती याच समजुतीवर. मी टाक्यातलं पाणी पाइपानं शेजारच्या चाळीस झाडांना दिलं, तेव्हापासून त्या घरात माझ्याबद्दल वेगळ्या सुरात बोलतात. हेच पाणी तुम्ही रस्त्याकडेच्या नाल्यात सोडलंत तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला माहीत होईल. इथं मे महिन्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, त्या गावात सांडलेलं पाणी कोणी विसरत नाही.

पण आधी खरंच उपसायची गरज आहे का ते बघा. लांब बांबू घ्या, टोकाला आडवी फळी बांधा आणि तळ चाचपा. गाळ बोटभर असेल आणि पाणी नुसतं हिरवं असेल तर रिकामं करू नका, त्याच पाण्यावर काम होतं. गाळ वीतभर असेल, पानं कुजून काळी झाली असतील, फळी वर काढल्यावर सडक्या अंड्याचा वास आला, तरच उपसा.

उपसायच्या आधी जनावरांचं बघा. गावात संध्याकाळी कोणी साप म्हणत नाही, "जनावर" म्हणतात. "जनावर हाय जी आत" असं कोणी ओरडलं तर गाय-म्हैस समजून पुढे जाऊ नका. माझ्याकडे कडेच्या स्किमरचं, म्हणजे तरंगता कचरा ओढून घेणाऱ्या खोक्याचं, झाकण मी हातानं उचलणार होतो, तेवढ्यात कामावरच्या भाऊंनी माझं मनगट धरलं. त्यांनी काठीनं झाकण सरकवलं. आत सडक्या पानांवर वेटोळं घातलेला ढोंड्या होता, अंगावर चौकटी, डोकं उचललेलं. ढोंड्या बिनविषारी, पण चावतो. त्याच जागी घोणस किंवा मण्यारही असू शकते. तेव्हापासून प्रत्येक झाकण, प्रत्येक जाळी, पंपघरातलं प्रत्येक पोतं मी काठीनं हलवतो. गमबूट आणि जाड हातमोजे कामावरच्या सगळ्यांना द्या. कोणाला चावलंच तर चिरायचं नाही, बांधायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. हातपाय हलू न देता तडक ग्रामीण रुग्णालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठायचं.

पंपघराशेजारी जमिनीत बंद कुंडी असेल तर तिच्यात कोणालाही उतरवू नका. साचलेल्या गाळात विषारी वायू धरतो, विहिरीत उतरून माणसं जातात ती यामुळेच. झाकण उघडून ठेवा, पाणी आणि गाळ वरूनच मोटरीनं आणि बादलीनं काढा. एक माणूस बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उडी घेतो, हे कामावरच्या सगळ्यांशी आदल्या दिवशीच बोलून घ्या.

गाळ पावड्यानं ओढून घमेल्यात भरायचा, ओला असतानाच. सुकला की भिंतीला सिमेंटासारखा धरतो. मग ताठ खराट्यानं भिंती घासायच्या. टाइल असेल तर तारेची घासणी नको, चकाकी जाते आणि पुढच्या वर्षी शेवाळ त्याच ओरखड्यांत धरतं. जोडांमधलं सिमेंट गेलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात भरून घ्या. टाकं पंधरा दिवस कोरडं पडू देऊ नका.

भरताना विहिरीचं पाणी वापराल, तर ते जड असतं हे लक्षात ठेवा. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच टाक्याच्या कडेला आणि फिल्टरच्या वाळूत बसतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहायला गेला असाल तर बोअरचं पाणी तपासल्याशिवाय टाक्यात सोडूच नका. शेतीच्या फीडरची वीज पाळीनं येते, त्यामुळे एका रात्रीत टाकं भरणार नाही. चार-पाच पाळ्या धरा. त्यात शेजाऱ्याच्या ओलिताची वेळ येत असेल तर आधी त्याला विचारा.

पाणी किती ते मोजायला शिका, कारण औषधाचा सगळा हिशेब त्यावर आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला हजारानं गुणलं की लिटर. माझं टाकं 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.35 मीटर खोल आहे, म्हणजे 43,200 लिटर. पाच हजाराचे जवळजवळ नऊ टँकर. हा आकडा कळल्यावर मी पाणी बदलण्याचा विचार कायमचा सोडला.

आता क्लोरीन. ग्रामपंचायतीत ज्याला टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं की जोर कमी होतो. पहिल्या जोरदार मात्रेसाठी लिटरला 10 मिलिग्रॅम धरा. माझ्या टाक्याला 432 ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे सव्वा किलोहून थोडी जास्त पावडर. ती तशीच फेकू नका, आधीच जड असलेल्या पाण्यात चुना मिसळून दुधासारखं होतं. संध्याकाळी प्लास्टिकच्या बादलीत कालवा, बसू द्या, आणि वरची निवळी तेवढी ओता. खालचा चुना बाजूला. काम सूर्य मावळल्यावर करा, कारण आपल्या उन्हात उघड्या पाण्यातलं क्लोरीन दोन-तीन तासांत बरंचसं उडून जातं. हिरवा रंग एका रात्रीत गेला नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा. माझं तिसऱ्या रात्री पांढुरकं झालं, म्हणजे शेवाळ मेलं. मग पंप बंद करून हजार लिटरला 30 ते 50 ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून फिरवली. सकाळी सगळा राखाडी गाळ तळाशी बसला होता आणि खोल बाजूच्या फरशीचे जोड मोजता येत होते. तो थर फिल्टरमधून न नेता सरळ बाहेर ओढून टाका.

औषधांचं एक कधीही विसरू नका. ब्लीचिंग पावडर, दुकानातल्या क्लोरीनच्या गोळ्या आणि अॅसिड, या तिन्ही वस्तू एका बादलीत, एका डब्यात, एका चमच्यानंसुद्धा एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. वायू सुटतो किंवा पेट घेतो. अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडात नाही. डबे गोठ्यापासून आणि खताच्या पोत्यांपासून लांब, कुलपात.

तपासणीची पेटी नागपूरहून आणा. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, 7.2 ते 7.6 आणि क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम यांच्यात आलं की पोहायला हरकत नाही. पीएच वर असेल तर क्लोरीन असूनही नीट काम करत नाही, आणि विहिरीच्या पाण्यात तो बहुधा वरच असतो. पेटी येईपर्यंत गावातल्या जलसुरक्षकाला बोलवा. तो नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग बघून क्लोरीन आहे की नाही ते सांगेल. त्याला आदरानं बोलवा, चहा द्या. अख्ख्या गावाच्या पिण्याच्या पाण्याची राखण तो माणूस करतो.

पंप लावायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा, वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच बसवल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. जुन्या टाक्यातले पाण्याखालचे दिवे मी सरळ काढून टाकले.

पाणी कमी होतंय असं वाटेल. लगेच गळती समजू नका. मे मध्ये इथं दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास पाणी उडतं. पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा, आत-बाहेर खूण करा, एका दिवसानं दोन्ही खुणा बघा. बाहेरचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं असेल तरच गळती.

कुंपण मात्र टाकं भरायच्या आधी घाला, नंतर नाही. शेजारची मुलं येणारच, आणि त्यांना पोहता येतं असं धरून चालू नका. बोरच्या जंगलातून रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं उन्हाळ्यात पाण्याच्या वासानं येतात. माझ्या टाक्यात एक रोही पडली होती, सकाळी सापडली तेव्हा तिचे खूर कडेवर घासून रक्ताळले होते. तिला दोरानं काढायला सहा माणसं लागली. तेव्हापासून कुंपणाबाहेर एक बसकं सिमेंटचं पात्र ठेवलं आहे, रोज संध्याकाळी साधं विहिरीचं पाणी भरतो. आतल्या कडेला एक खडबडीत फळी तिरपी सोडली आहे, तिच्यावरून बेडूक आणि सरडे वर येतात.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की टाकं भरलेलंच ठेवा, वर जाळी ताणा, सांडव्याची नळी मोकळी करा. पुढे काही महिने वापरणार नसाल तर क्लोरीन थांबवा, ओटी टेस्टमध्ये रंग येईनासा झाला की प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गप्पी मासे मागा. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्याजोगा होतो, आणि गप्पी त्याच्या अळ्या खातात. पिशवीतलं पाणी आणि टाक्याचं पाणी एकदम मिसळू नका. पिशवी अर्धा तास टाक्यात तरंगू द्या, मग तोंड सोडा.