शहरातील संस्थांचे सामाईक संशोधन-शिक्षण जाळे : उभारणी आणि पैशांची तजवीज

नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, मुक्त विद्यापीठ गोवर्धनला आहे, 'मेरी' या नावाने ओळखली जाणारी अभियांत्रिकी संशोधन संस्था दिंडोरी रस्त्यावर आहे आणि जुनी महाविद्यालये कॉलेज रोड व गंगापूर रोडच्या आसपास आहेत. अशा संस्थांनी आपापली स्वतंत्र इंटरनेट जोडणी घेण्याऐवजी एकत्र येऊन सामाईक जाळे उभारायचे ठरवले, तर काम कोणत्या क्रमाने करावे आणि पैसा कोठून आणावा, हे येथे मांडले आहे.

देशपातळीवरचा कणा, म्हणजे शहरांना जोडणारे मुख्य जाळे, आपल्याला नव्याने उभारायचा नाही. 'अर्नेट' या शिक्षण-संशोधन संस्थांच्या देशव्यापी जाळ्याची सुरुवात १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने, पाच आयआयटींसह मोजक्या आठ संस्थांना घेऊन झाली. मार्च २०१० मध्ये केंद्राने अशाच संस्थांना वेगवान जोडणी देणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यासाठी दहा वर्षांत ५,९९० कोटी रुपये मंजूर केले आणि त्याची अंमलबजावणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे सोपवली. माझ्या मते खरी अडचण या कण्यात नसून त्यापासून संस्थेच्या दारापर्यंतच्या आठ-दहा किलोमीटरमध्ये, आवारातले संगणक जोडणाऱ्या जुन्या स्विचमध्ये आणि पहिले अनुदान संपल्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षात असते.

सुरुवात मोजमापाने करावी. विद्यार्थिसंख्येला ठरावीक आकड्याने गुणून क्षमता काढण्याची पद्धत सोपी असली तरी फसवी आहे. कोणती माहिती, किती मोठी आणि किती वेळात हलवायची आहे, हे प्रत्येक विभागाला विचारावे. एक टेराबाइट माहिती १०० मेगाबिटच्या जोडणीवरून पाठवायला, ती पूर्णपणे मोकळी मिळाली तरी, सुमारे बावीस तास लागतात. एक गिगाबिटवर तेच काम सव्वादोन तासांत आणि दहा गिगाबिटवर साधारण तेरा-चौदा मिनिटांत होते. रुग्णांच्या स्कॅनचे संग्रह, व्याख्यानांची चित्रमुद्रणे किंवा धरणाच्या प्रतिकृतीवरील प्रयोगांची मोजमापे अशा उदाहरणांतून हा हिशेब मांडला, म्हणजे वित्त अधिकाऱ्यालाही तो पटतो. त्याच वेळी आवारातले जाळेही तपासावे, कारण पुष्कळदा दोष बाहेरच्या जोडणीत नसून जिन्याखालच्या, स्विच ठेवलेल्या तापलेल्या कपाटात असतो. लांब पल्ल्याच्या जोडणीत थोडीशी पाकिटे (माहितीचे छोटे तुकडे) गळाली तरी वेग कोसळतो. त्यासाठी जोडणीचा वेग आणि गळती सतत मोजणारे 'पर्फसोनार' हे मुक्त साधन पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे.

दुसरे काम मार्ग ठरवण्याचे आहे आणि नाशिकपुरते बोलायचे तर तो प्रश्न मुख्यतः गोदावरीचा आहे. म्हसरूळ आणि 'मेरी' नदीच्या एका बाजूला, तर कॉलेज रोड आणि गोवर्धन दुसऱ्या बाजूला असल्याने केबलला पूल ओलांडावाच लागतो. दोन कंपन्यांच्या दोन जोडण्या घेतल्या म्हणजे दोन मार्ग झाले, असे मानू नये. एका प्रकल्पात आम्ही हीच चूक केली होती : मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही जोडण्या एकाच डक्टमधून (केबलच्या जमिनीखालच्या नळीतून) गेल्या होत्या आणि जेसीबीच्या एका घावात दोन्ही तुटल्यावर ते आमच्या लक्षात आले. म्हणून एक मार्ग होळकर पुलावरून गेला, तर दुसरा महामार्गाकडच्या कन्नमवार पुलावरून किंवा आणखी वरच्या अंगाने नेण्याची अट निविदेतच घालावी आणि देयक देण्यापूर्वी मार्गाचा नकाशा प्रत्यक्ष चालून पडताळावा. नदीचा पूर आणि २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी होणारी रस्त्यांची कामे लक्षात घेता हे पायी फिरणे वाया जाणार नाही. खोदकामाची पूर्वसूचना देणारे 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप मार्च २०२३ पासून उपलब्ध आहे. महापालिकेच्या कंत्राटदारांनी ते वापरावे, असा आग्रह सामाईक जाळ्याच्या वतीने धरता येतो.

सार्वजनिक रस्त्याखालून स्वतःच केबल टाकण्याचा मोह मात्र टाळावा. दूरसंचार परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात आणि जोडणी परवानाधारकाकडूनच दीर्घ मुदतीने घ्यावी. तसेच परवान्याशिवाय बाहेरच्यांना इंटरनेट विकता येत नाही, हेही सदस्यांना लेखी कळवावे. युरोपातील अनेक शैक्षणिक जाळ्यांनी फायबर वापरण्याचा हक्क पंधरा-वीस वर्षांसाठी एकरकमी विकत घेतला आणि दोन्ही टोकांची उपकरणे बदलून क्षमता वाढवत नेली. दरवर्षी नव्याने निविदा काढण्यापेक्षा हा विचार कितीतरी शहाणपणाचा आहे.

आता पैसा. अंदाजपत्रकात तीन रकाने वेगळे ठेवावेत : एकदाच होणारा खर्च, दरवर्षीचा खर्च आणि बदलीचा निधी. फायबर वीस वर्षे टिकते, पण स्विच आणि राउटर पाच ते सात वर्षांत बदलावे लागतात. म्हणून त्यांच्या किमतीचा सहावा भाग दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकावा. अनुदान पहिल्या रकान्यासाठी सहज मिळते, दुसऱ्यासाठी क्वचित मिळते आणि तिसऱ्यासाठी कोणी देत नाही. २००९ च्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानात महाविद्यालयांच्या जोडणीचा ७५ टक्के खर्च केंद्र आणि २५ टक्के संस्था उचलत असे. अशी योजना चालू असतानाच ती संपल्यानंतरच्या वर्षांचा ठराव व्यवस्थापनाकडून करून घ्यावा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी उपकरणांसाठी मागता येईल, कारण २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात आणि त्यांत शिक्षणाचा समावेश आहे. अभियंत्यांचे पगार मात्र देणगीवर कधीही अवलंबून ठेवू नयेत.

सदस्यशुल्काचा अर्धा भाग सर्वांना समान आणि उरलेला जोडणीच्या क्षमतेनुसार आकारावा. वापरलेल्या माहितीवर शुल्क लावू नये. तसे केले की विभागप्रमुख प्राध्यापकांना 'जरा जपून वापरा' असे सांगू लागतात आणि ज्यासाठी जाळे उभारले तेच काम थांबते. मागणी वाढणार हे गृहीतच धरावे. अमेरिकेचे एनएसएफनेट हे संशोधन-शिक्षण जाळे १९८६ मध्ये ५६ किलोबिटवर सुरू झाले आणि दोनच वर्षांत त्याला दीड मेगाबिटवर जावे लागले.

कारभारासाठी आरंभी सामंजस्य करार आणि एक समन्वयक संस्था पुरते. नोंदणीकृत सोसायटी नंतर करता येते, अर्नेटही १९९८ मध्ये स्वायत्त सोसायटी झाले. करारात बाहेर पडण्याची मुदत आणि उपकरणांची मालकी हे दोन मुद्दे स्पष्ट लिहावेत. आयपी पत्ते (इंटरनेटवरचे संगणकांचे पत्ते) आणि स्वायत्त प्रणाली क्रमांक (इंटरनेटवर संपूर्ण जाळ्याची ओळख) सेवा पुरवठादाराकडून न घेता जाळ्याच्या नावे नोंदवावेत, म्हणजे पुढे पुरवठादार बदलताना सगळे पत्ते बदलावे लागत नाहीत. सेवांपैकी 'एज्युरोम' आधी सुरू करावे. भारतात ते अर्नेट चालवते आणि त्यामुळे एका संस्थेतला विद्यार्थी दुसऱ्या संस्थेतही आपल्याच ओळखीने वाय-फाय वापरू शकतो.

पहिल्या वर्षी नदीच्या दोन बाजूंच्या दोनच संस्था जोडाव्यात. रविवारी रात्री आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता तीच एक टेराबाइट माहिती पाठवून दोन्ही वेळा लागलेला वेळ नोंदवावा आणि तो कागद तिसऱ्या संस्थेच्या वित्त समितीपुढे ठेवावा.