पुस्तक प्रेसमध्ये अडकलं तर काय करावं

राजेहो, पुस्तकाले उशीर झाला की रोज फोन लावून "झालं का?" विचारू नका, उत्तर "होऊन राहिलं" हेच येते. विचारायचं हे की काम नेमकं कुठं थांबलं, डीटीपीत (कंप्युटरवर पानं लावाचं काम), प्रुफात (चुका तपासाची प्रिंट), कव्हरवर, का बाइंडिंगमधी. कारण हरेकाचा उपाय वेगळा हाय.

डीटीपीत थांबलं असन तर बहुतेक फॉन्टची भानगड असते. आपण मोबाईलवर युनिकोडमधी टाइप करतो, तिकडं प्रेसमधी ते श्रीलिपीत, म्हणजे डीटीपीवाल्याईच्या फॉन्टात, कन्व्हर्ट होते अन् रफार, जोडाक्षरं तुटतात, मंग एकेक पान हातानं दुरुस्त करा लागते. इथं घाई नकोच, चुकीचं छापल्या गेलं तर कायमचं राहते. प्रुफाची प्रिंट मागवा, पेन घेऊन बसा, गावातल्या एखाद्या गुरुजीले बी वाचाले द्या. पण फायनल म्हटल्यावर नवीन मजकूर घुसवाचा नाही. छपाई सोळा पानांच्या फॉर्म्यानं, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं अशी होते, मधात दोन पानं वाढली की पुढचं सगळं सरकते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट भेटते, पण अर्जात काही चुकलं की परत येते अन् बारकोडसाठी कव्हर अडून राहते. म्हणून डीटीपी चालू असतानाच अर्ज टाकून द्या.

आपल्याकडं लय जणाईले पुस्तक मोझरीच्या, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजाईच्या पुण्यतिथीले आणाचं असते. ती येते अश्विन वद्यात, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, अन् तवा प्रेसवाले दिवाळी अंक, कॅलेंडरात बुडलेले असतात. तारीख हुकली तर जीव तुटते, खरं हाय, पण सोयाबीन-कापसाचा पैसा घरात आल्यावर गावखेड्यात पुस्तक जास्त विकल्या जाते, तवा नवीन तारीख गावच्या जत्रेच्या, सप्ताहाच्या हिशोबानं धरा.

पैसे टप्प्याटप्प्यानंच द्या. आधीच सगळे देऊन बसले असान तर भांडू नका, नवीन तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा अन् फायनल पीडीएफसोबत ओपन फाइल (जिच्यात बदल करता येते ते) बी घ्या, उद्या दुसऱ्या प्रेसले जा लागलं तर तेच कामी येते.

ज्या वाचकाईनं पुस्तकासाठी आगाऊ पैसे देले त्याईले त्याईनं विचाराच्या आधी आपणच कळवा, जे कारण असन ते सांगा, कोणाले पैसे वापस पाहिजे असन तर देऊन टाका.

अन् बांधलेली एक प्रत हातात आल्याबिगर हॉल, पाहुणे, पत्रिका काहीच ठरवू नका. ठरलंच असन तर प्रेसवाल्याले म्हणा, कार्यक्रमापुरत्या थोड्या प्रती आधी बांधून दे, बाकीचे गठ्ठे मागून.