मायक्रोटर्बाइन घ्यायची? आधी गरम पाण्याचा हिशोब मांडा

65 किलोवॉटची मायक्रोटर्बाइन (गॅस जाळून वीज करणारी छोटी टर्बाइन, जिच्या गरम धुरावर पाणीही तापवता येतं) परवडेल की नाही हे वीजबिलापेक्षा बॉयलरच्या गॅसबिलावर जास्त ठरतं. डेअरी, लाँड्री किंवा मोठं हॉटेल असेल तर आधी आठवडाभर दर तासाला किती लिटर पाणी किती अंशांवरून किती अंशांवर नेता, ते वहीत लिहा. लिटर गुणिले अंशांचा फरक, भागिले 860, म्हणजे किलोवॉट-तास.

आता उदाहरण. कॅपस्टोन कंपनीच्या सी65 या 65 किलोवॉटच्या मॉडेलची विजेची कार्यक्षमता 29 टक्के धरतात. म्हणजे पूर्ण भाराला तासाला 224 किलोवॉट-तासांचं इंधन, नैसर्गिक वायू असेल तर सुमारे 23 घनमीटर. पाइपलाइनचा गॅस कमी दाबाचा असला तर कॉम्प्रेसर लागतो. त्याचे 4 किलोवॉट वजा करा, हाती 61 राहतात. विक्रेत्याच्या तक्त्यात ही वजाबाकी बऱ्याचदा नसते, ती मागून घ्या. गॅस 50 रुपये घनमीटर धरला (तुमच्या बिलातला दर घाला), तर नुसती वीज युनिटला जवळपास 19 रुपयांना पडते. हे कुणालाच परवडणार नाही.

पण एक्झॉस्टमधून, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गरम धुरातून, साधारण 112 किलोवॉट उष्णता मिळते. तेवढ्यात तासाला 2,400 लिटर पाणी 25 वरून 65 अंशांवर जातं. 85 टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरचा 13 घनमीटरहून जास्त गॅस वाचतो आणि युनिट 8 रुपयांच्या आत येतं. निम्मंच गरम पाणी वापरलं गेलं, तर तेच युनिट तेरा रुपयांच्या वर जातं. म्हणून मशीनचा आकार विजेच्या मागणीवर बेतू नका, दिवसभर न थांबणाऱ्या गरम पाण्याच्या मागणीवर बेता.

हे आकडे 15 अंशांच्या हवेचे आणि समुद्रसपाटीचे आहेत. पुणं सुमारे 560 मीटर उंचीवर. तिथे हवा विरळ, त्यात एप्रिलची दुपार, म्हणजे क्षमता चांगलीच खाली येते. हिशोब उन्हाळ्याच्या आकड्यावरच करा. हवा आत घेणारी जाळी एक्झॉस्टच्या धुराड्यापासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. गरम हवा परत आत ओढली जाऊ लागली की किलोवॉट घसरतात आणि दोष मशीनचा वाटतो. जाळीजवळ थर्मामीटर लावून बाहेरच्या सावलीतल्या तापमानाशी ताडून पाहा.

निम्म्या भारावर चालवू नका, कार्यक्षमता पडते. रोज चालू-बंदही नको: तापून-थंडावून रिक्यूपरेटरला (एक्झॉस्टच्या उष्णतेने आतली हवा आधीच तापवणारा भाग) तडे जातात, आणि रिक्यूपरेटर गळू लागला की इंधनाचा खप वाढतो.

बायोगॅस वापरणार असाल तर तो शेणाचा की सांडपाण्याचा, ते आधी पाहा. सांडपाण्याच्या गॅसमध्ये शाम्पू-साबणातून आलेली सिलोक्झेन, म्हणजे सिलिकॉनची संयुगं असतात. ती जळून वाळूसारखी पूड होते आणि नोझलवर बसते. कार्बनची गाळणी वेळेवर बदलणं हा नेहमीचा उपाय. हायड्रोजन सल्फाइड टर्बाइन बऱ्यापैकी सोसते, पण एक्झॉस्ट फार थंड केला तर हीट एक्सचेंजरमध्ये (धुराची उष्णता पाण्याला देणारा भाग) आम्ल साचून पत्रा खातं. ओला गॅस कॉम्प्रेसरपर्यंत जाऊ देऊ नका.

शेवटी इंजिन, म्हणजे टर्बाइनचा फिरणारा गाभा. साधारण 40,000 तासांनी ते बदलायचं असतं. नव्या इंजिनाची लेखी किंमत घ्या, 24 लाख 40 हजार युनिटांनी (61 किलोवॉट गुणिले 40,000 तास) भागा आणि वरच्या दरात मिळवा.