ड्रम मशीनवर ठेका बांधणं आणि रेकॉर्ड करणं

खानदेशात ड्रम मशीनकडे वळणाऱ्यांत ऑक्टापॅड (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवणारे पुष्कळ असतात. ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या बँडमध्ये हात तयार झालेला असतो. अडतं ते ठेका घरांमध्ये, म्हणजे मशीनवरच्या एकामागून एक वाजणाऱ्या खणांमध्ये, मांडताना.

रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० सालचं. त्यावरची १६ बटणांची रांग आजच्या बऱ्याच मशीनवर दिसते. एक बटण म्हणजे एक घर. ही १६ घरं म्हणजे केरवा तालाच्या ८ मात्रा, प्रत्येक मात्रेला २ घरं. ‘धा गे ना ती न क धिं ना’ मांडायचं तर बोल १, ३, ५, ७ अशा विषम घरांत पडतात. डग्ग्याची घुमक असलेले धा, गे आणि धिं म्हणजे घर १, ३ आणि १३: तिथे किक (मोठ्या ड्रमचा जड ठोका) ठेवा. दोन्ही ‘ना’ ५ आणि १५ वर, त्यांना बोंगो किंवा रिमचा (ड्रमच्या कडेचा) कोरडा आवाज द्या. मधली रिकामी घरं भरायची घाई करू नका; अहिराणी गाण्यात शब्द भरभर येतात, त्यांना जागा लागते.

दादरा तालाच्या ६ मात्रांना १२ घरं पुरतात. पॅटर्नची (घरांत मांडलेल्या ठेक्याची) लांबी १६ वरून १२ करायची राहिली, तर प्रत्येक आवर्तनाला दोन मात्रा फुकट वाढतात आणि गाणारा समेवर चुकतो. दोष मात्र त्याच्या माथी येतो.

सगळे ठोके एकाच जोराचे ठेवले की ठेका निर्जीव होतो. व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, १२७ पर्यंत असते: सम ११५ च्या आसपास, बाकीचे ठोके ७० ते ९०. स्विंग म्हणजे जोडीतला दुसरा ठोका किती उशिरा पडतो ते; ५० म्हणजे सरळ चाल. ५४ ते ५८ मध्ये थोडी लचक येते. ऑक्टापॅड मिडीने (वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या डिजिटल भाषेने) जोडणार असाल, तर दोन्हीकडचे नोट नंबर, म्हणजे प्रत्येक आवाजाचे क्रमांक, जुळवा. साधारण किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२. जुळले नाहीत तर किकच्या पॅडवर भलताच आवाज वाजतो.

आता रेकॉर्डिंग. आवाज वायरीतून जातो, म्हणून जळगावच्या मे महिन्यातही पंखा खुशाल चालू ठेवा. वायर ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणाऱ्या डब्याच्या) लाइन इनपुटला लावा. माइक इनपुटला लावली तर आवाज फाटतो. सर्वांत मोठा ठोका -१२ ते -६ डीबीच्या दरम्यान राहू द्या. घूं असा सलग आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा; तो थांबला तर गोष्ट अर्थिंगची आहे, आणि जुन्या घरांत हे नेहमीचं आहे. वीज जाऊ शकते हे धरून प्रत्येक पॅटर्न बांधला की लगेच सेव्ह करा.

सगळे आवाज एकाच स्टिरिओ ट्रॅकवर घेतले की नंतर नुसती किक कमी करता येत नाही. नवीन माणसाचं सर्वाधिक नुकसान इथेच होतं. मशीनला वेगळे आउटपुट नसतील, तर एकेक आवाज सोलो करून (बाकीचे बंद ठेवून) घ्या: ४ मिनिटांचं गाणं, ६ आवाज, म्हणजे २४ मिनिटं. तेवढी द्याच. त्याआधी मशीन मिडी क्लॉकने (मिडीतून जाणाऱ्या लयीच्या इशाऱ्याने) संगणकाला बांधा. दोघांची घड्याळं वेगळी असतात. शंभराचा बीपीएम (मिनिटाला ठोके) दोन्हीकडे लिहिला तरी गाण्याच्या शेवटी ठोके सरकलेले दिसतात. सुरुवातीला एक आवर्तन मोकळं ठेवा, पहिला ठोका कापला जात नाही.

सातपुड्याच्या ढोलाचा ठोका मशीनमध्ये घ्यायचा असेल तर मात्र माइक लागतो, आणि तेव्हा पंखा बंद. हलका, मध्यम, जोराचा असे तीन वेगळे ठोके घ्या. घुमारा पूर्ण विरेपर्यंत थांबा. घाईने कापलेला ढोल डब्यासारखा वाजतो. फाईलच्या नावात बीपीएम आणि आवाजाचं नाव लिहा, म्हणजे मिक्सिंगवाल्याला फोन करून विचारावं लागत नाही.